आरती नको, हिशेब द्या

कोव्हॅक्सिन ज्या वीस माकडांवर तपासली गेली, त्यांच्याबद्दल महाराष्ट्राला एवढंच ठाऊक आहे की ती नागपूरच्या बाजूला सापडली, पुण्याला नेली आणि लस यशस्वी ठरली. त्यापुढे कुणी विचारलं नाही. पकडताना त्यांतली किती जखमी झाली, पिंजऱ्यात ती एकेकटी होती की जोडीने, कुणाला हगवण लागली का, कुणाला क्षय होता का, किती दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही, हे सगळं विचारणं म्हणजे राष्ट्रीय यशाला गालबोट लावणं, अशी आपल्याकडे समजूत करून दिली गेली आहे. ही समजूत मला मान्य नाही. ती लस माझ्या दंडात गेली आहे आणि ज्या सरकारी संस्थेत तो प्रयोग झाला ती माझ्या करातून चालते. शोधनिबंधात पद्धतीच्या रकान्यात चार ओळी इंग्रजीत छापल्या की नागरिकांना उत्तर दिलं, असं होत नाही.

मी मंगळवेढ्यात राहतो. आमच्या गावात माकडांवर प्रयोग करणारी प्रयोगशाळा नाही. मग तुम्हाला काय पडलंय, असं विचारणारे भेटतात. पडलंय ते यासाठी की करोना आम्ही अंगावर घेतला. आमच्या पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघाचे आमदार भारत भालके नोव्हेंबर २०२० मध्ये करोनानंतरच्या गुंतागुंतीत गेले. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट उसळलेली असताना घेतली गेली. सभा झाल्या, गर्दी झाली, आणि लोक लशीकडे डोळे लावून बसले. लस म्हणजे काय ते आम्हाला कुणी समजावायची गरज नाही. म्हणूनच ती कशी तयार झाली हे विचारण्याचा हक्क आम्ही कुणाकडून मागून घेणार नाही.

आधी घडलं काय ते नीट मांडू. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, म्हणजे एनआयव्हीला, लशीच्या प्रयोगासाठी माकडं हवी होती. राज्य सरकारने ३० माकडं पकडायला परवानगी दिली. तेव्हा बातम्यांत नाव आलं होतं पुणे जिल्ह्यातल्या वडगाव वनक्षेत्राचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या निर्मितीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात या शोधाची यातायात सांगितली. प्रयोगासाठी वाढवलेली ऱ्हीसस माकडं देशात मिळत नव्हती. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारं खाणं बंद झाल्यामुळे टोळ्या जंगलात आत शिरल्या होत्या. वनखात्याला कामाला लावून शेवटी नागपूरजवळ माकडं सापडली.

वीस माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. तीन गटांना लशीची वेगवेगळी मिश्रणं टोचली, चौथ्याला लस नसलेलं द्रावण. १४ दिवसांच्या अंतराने दोन डोस झाले. २८ व्या दिवशी सगळ्यांच्या श्वसनमार्गात जिवंत विषाणू सोडला. त्यानंतर सातव्या दिवशी शवविच्छेदन करून फुप्फुसं तपासली. लस दिलेल्या माकडांत न्यूमोनिया नव्हता. लस न दिलेल्यांत होता. २०२१ मध्ये या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

आता खरा मुद्दा. ३ जानेवारी २०२१ रोजी देशाच्या औषध महानियंत्रकांनी कोव्हॅक्सिनच्या आपत्कालीन वापराला मंजुरी जाहीर केली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या २५,८०० स्वयंसेवकांवरचा निकाल हाती आलेला नव्हता. लस माणसाला आजारापासून किती वाचवते याचा आकडा त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. महानियंत्रकांच्या निवेदनात काय होतं? माणसांवरच्या पहिल्या दोन टप्प्यांतली सुरक्षिततेची आणि प्रतिकारशक्तीची माहिती होती. आणि प्रत्यक्ष विषाणू अंगात सोडल्यावर लस टिकते का, या प्रश्नावर दाखला होता ऱ्हीसस माकडांचा आणि हॅमस्टरचा. म्हणजे एका अब्जाहून मोठ्या देशाने घेतलेल्या निर्णयात ही वीस माकडं साक्षीदार होती. साक्षीवर निकाल दिला की साक्षीदार कोणत्या अवस्थेत बोलला हे तपासावं लागतं. तापाने फणफणलेल्या, दिवसेंदिवस कोंडून ठेवलेल्या, भेदरलेल्या माणसाची साक्ष कुठलंही न्यायालय जशीच्या तशी घेणार नाही. माकडाची मात्र आपण घेतली आणि वर त्याची आरती ओवाळली.

ही आरतीच मला सगळ्यात जास्त खुपते. भार्गव यांनी पुस्तकात या वीस माकडांना यशाचं श्रेय दिलं, वर्तमानपत्रांनी त्यावर कौतुकाचे मथळे दिले, वाचकांनी हात जोडले. ज्याला बळजबरीने पकडलं, ज्याच्या संमतीचा प्रश्नच नव्हता, ज्याच्या शरीरात रोग सोडला आणि नंतर ज्याला चिरून पाहिलं, त्याचं कौतुक करणं ही सोपी पळवाट आहे. कौतुक केलं की मन हलकं होतं आणि जबाबदारी संपते. त्या माकडांना कौतुकाचा काडीइतका उपयोग नव्हता. त्यांना धड जागा, सोबत, योग्य आहार, वेळेवर उपचार आणि कमीत कमी वेदना यांचा उपयोग होता. ते मिळालं की नाही, हे सांगायला एकही जबाबदार माणूस महाराष्ट्रासमोर उभा राहिला नाही.

पिंजऱ्यातल्या माकडाच्या आरोग्याचा विषय निघाला की तो भूतदयेचा मानला जातो, म्हणजे बायाबापड्यांचा, जैन मुनींचा, वारकऱ्यांचा. शास्त्रज्ञांनी त्यात लक्ष घालायचं कारण नाही, असा सूर असतो. हे अज्ञान आहे, आणि अज्ञानाला उर्मटपणाची जोड मिळाली की ते घातक होतं. हा विषय आधी जीवशास्त्राचा आहे.

ऱ्हीसस माकड टोळीत जगतं. मादी जन्मते त्या टोळीतच मरते. आई, मुली, मावश्या, नाती यांचा गोतावळा हीच टोळीची चौकट असते, आणि मुलीचा मान आईच्या मानावरून ठरतो. नर वयात आले की टोळी सोडून दुसरीकडे जातात. साडेपाच महिन्यांच्या गर्भारपणानंतर जन्मलेलं पिल्लू महिनोन्‌महिने आईच्या पोटाला चिकटून असतं. दिवसातला मोठा वेळ एकमेकांच्या केसांत बोटं घालून साफसफाई करण्यात जातो. त्यातून मैत्री ठरते, भांडणं मिटतात, भीती ओसरते. असा प्राणी लोखंडी पिंजऱ्यात एकटा ठेवला तर काय होतं, यावर अंदाज बांधायची गरज नाही. त्यावर साठ वर्षांचं संशोधन आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला हॅरी हार्लोने १९५० च्या दशकापासून ऱ्हीससची पिल्लं आईपासून तोडून, तारेच्या आणि कापडाच्या पुतळ्यांजवळ वाढवली. काहींना महिनोन्‌महिने संपूर्ण एकांतात ठेवलं. ती पिल्लं स्वतःला मिठी मारून डुलत बसत, स्वतःला चावत आणि मोठी झाल्यावर इतरांत मिसळू शकत नसत. एवढी क्रूरता करून जे सिद्ध झालं ते तरी शास्त्रज्ञांनी पाळायला नको का?

ते पाळलं गेलं नाही याचा पुरावाही शास्त्रज्ञांनीच दिला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एकेकट्या पिंजऱ्यात ठेवलेल्या ३६२ ऱ्हीसस माकडांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३२१ माकडांत एक तरी विकृत वर्तन आढळलं. पिंजऱ्यात गोल गोल फिरत राहणं, एकाच जागी डुलणं, स्वतःचे केस उपटणं, स्वतःच्या अंगाला चावणं. काहींनी स्वतःला केलेल्या जखमांवर पशुवैद्याला उपचार करावे लागले होते. ३६२ मधले ३२१! ही त्या देशातली गोष्ट, जिथे माकडांसाठी मोठमोठी राष्ट्रीय केंद्रं आहेत, प्रशिक्षित पशुवैद्य आहेत, नियमावल्या आहेत. माझा प्रश्न साधा आहे. ज्या प्राण्यांच्या कळपात निरोगी वागणारा अपवाद ठरतो, त्या कळपाला प्रयोगातलं ‘निरोगी प्राणी’ हे नाव कोणत्या तोंडाने द्यायचं?

हे फक्त वागण्यापुरतं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण वागणं बिघडतं तेव्हा रक्तही बिघडतं. २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात संशोधकांनी ऱ्हीसस माद्यांच्या नव्या टोळ्या बनवल्या आणि टोळीतलं त्यांचं स्थान बदललं. तळाशी ढकलल्या गेलेल्या माद्यांच्या पेशींत दाहाशी संबंधित जनुकं जास्त चेकाळली. जिवाणूच्या घटकाला त्यांच्या पेशींनी दिलेलं उत्तर वरच्या माद्यांपेक्षा वेगळं निघालं. त्याच माद्यांचं स्थान पुन्हा बदललं तेव्हा पेशींचं वागणंही बदललं. फक्त मान खाली-वर झाला, आणि प्रतिकारशक्तीचा नकाशा फिरला. मग जंगलातून उचललेलं, गोतावळ्यातून तोडलेलं, गाडीत घालून शेकडो किलोमीटर आणलेलं माकड लशीला जे उत्तर देतं, त्यात लशीचा भाग किती आणि भीतीचा किती? सगळीच माकडं सारखी भेदरलेली होती, म्हणून गटांची तुलना योग्य ठरते, असं उत्तर मिळेल. ते अर्धंच उत्तर आहे. माकडं सारखी भेदरत नाहीत. टोळीतली मोठी मादी आणि तळातलं पोर यांच्या भेदरण्यात फरक असतो, आणि पाचांच्या गटात एका माकडाचं वजन वीस टक्के असतं.

जंगलातून पकडण्याने आणखी एक घोळ होतो. पैदास केंद्रात वाढलेल्या माकडाची जन्मतारीख, आई, झालेले आजार, दिलेली औषधं यांची नोंद असते. जंगलातल्या माकडाचं वय दातांवरून ठरवावं लागतं आणि आजारांचा इतिहास कोराच असतो. त्यात क्षयाचा धोका. ऱ्हीसस माकड क्षयाला फार लवकर बळी पडतं आणि तो रोग त्याला बहुतेक वेळा माणसाकडून मिळतो. म्हणून विलगीकरणात त्याच्या पापणीत ट्युबरक्युलिन टोचून तपासणी करतात. एका माकडाला क्षय झाला तर अख्खी वसाहत हातची जाऊ शकते. त्यात भर शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांच्या हगवणीची. पिंजऱ्यातल्या माकडांत ही कायमची डोकेदुखी आहे. माणसासारखंच माकडाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. खाणं चुकलं की हिरड्यांतून रक्त येतं. या प्रत्येक गोष्टीची रोजची नोंद ठेवायला चांगला पशुवैद्य लागतो, आणि त्याला संशोधकाला ‘हा प्रयोग आज थांबवा’ असं सांगायचा अधिकार लागतो. त्याने एकदा तरी तसं सांगितलं का, आणि सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं का, हे नागरिकाला कळायचा मार्ग नाही.

माकडाच्या आरोग्याकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत माणसाने मोजली आहे, आणि त्या हिशेबात भारताचं नाव पहिल्या पानावर आहे. १९५० च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी माकडांची मूत्रपिंडं लागत, कारण विषाणू त्यांच्या पेशींवर वाढवला जाई. ती माकडं आपण पुरवली. भारतातून वर्षाला लाखाहून अधिक ऱ्हीसस माकडं विमानाने बाहेर जात होती. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर जवळपास चारशे भारतीय माकडं गुदमरून मेली. ओरड झाली, आपण निर्यात थोडे दिवस थांबवली, अटी घालून पुन्हा सुरू केली. उत्तर भारतातल्या माकडांची संख्या कशी घसरत गेली, ते चार्ल्स साउथविक आणि त्यांच्या अलीगढच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. आणि १९६० मध्ये अमेरिकेत कळलं की त्या मूत्रपिंडांत एसव्ही-४० नावाचा विषाणू लपलेला होता. ऱ्हीससला त्याने काही होत नाही, म्हणून तो दिसला नव्हता. तोवर तो लशीबरोबर कोट्यवधी माणसांच्या शरीरात जाऊन आला होता. ज्या प्राण्याच्या अवयवातून आपण औषध काढत होतो, त्याच्या अंगात काय आहे हे पुरतं पाहण्याआधीच ते औषध वाटलं गेलं.

१९६७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग आणि फ्रँकफुर्टमध्ये आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेडमध्ये युगांडाहून आणलेल्या माकडांमुळे ३१ जण आजारी पडले, सात मेले. त्या रोगाला मारबुर्गचंच नाव मिळालं. माकडाला सौम्य वाटणारा ‘बी’ विषाणू माणसाच्या मेंदूत शिरला की जीव घेतो. तो १९३२ पासून माहीत असूनही १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका माकड संशोधन केंद्रात बावीस वर्षांची संशोधक डोळ्यात उडालेल्या शिंतोड्याने मेली. हा विषाणू माकडाच्या अंगात निपचित पडून राहतो आणि ताण वाढला की डोकं वर काढतो. पिंजऱ्याची सफाई करणाऱ्या, कंत्राटावर राबणाऱ्या माणसाचा जीवही माकडाच्या स्वास्थ्याशी बांधलेला आहे. भूतदयेची टिंगल करणाऱ्यांनी निदान त्या कामगाराकडे पाहून तरी तोंड आवरावं.

आपण एकदा ताठ उभे राहिलो होतो. मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, एप्रिल १९७८ पासून, भारताने माकडांची निर्यात बंद केली. वैद्यकीय उपयोगासाठी म्हणून दिलेली आपली माकडं अमेरिकी लष्कराच्या किरणोत्साराच्या प्रयोगांत मारली जात होती. निर्यात पुन्हा सुरू करताना घातलेल्या अटींचा १९५५ चा करार अमेरिकेने मोडला होता. करार मोडला की माल बंद, एवढा साधा न्याय होता तो. अमेरिकेचं वैद्यकशास्त्र त्याने बुडालं नाही. त्यांना स्वतःची पैदास केंद्रं वाढवावी लागली, आणि तेच व्हायला हवं होतं. मग चाळीस वर्षांनी आपण काय केलं? देशात प्रयोगासाठीची पुरेशी वसाहत उभी केली नाही, महासाथ आल्यावर धावाधाव केली आणि नागपूरच्या जंगलात सापळे घेऊन गेलो. ही तातडी आभाळातून पडली नव्हती. ती आपल्या नियोजनशून्यतेतून आली आणि तिची शिक्षा माकडांनी भोगली.

आता कायदा पाहा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, संस्थांमध्ये नैतिकता समित्या आहेत, आणि माकडासारख्या मोठ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना केंद्रीय समितीची मंजुरी लागते. कागदावर सगळं आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २० खाली, समितीचा आदेश मोडणाऱ्याला किंवा घातलेली अट मोडणाऱ्याला जास्तीत जास्त दंड आहे २०० रुपये. मंगळवेढ्याच्या बाजारात एका घरची आठवड्याची भाजीही तेवढ्यात येत नाही. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नका, असंही याच कायद्यात आहे. पण भागत होतं की नाही, हे ठरवणाऱ्या समित्यांचं म्हणणं जनतेसमोर मांडण्याची सक्ती नाही.

वरून १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुरुस्तीत ऱ्हीसस माकड संरक्षित याद्यांतून काढून टाकलं गेलं. २०२० मध्ये त्या कायद्याखाली परवानगीचा कागद तरी लागला होता. आता तोही आधार गेला. आमच्या भीमेच्या पट्ट्यात दिसणारं टोपी माकड अजून यादीत आहे, पण त्यालाही पिंजरा नवा नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रजनन आणि गर्भनिरोधनाच्या संशोधनाला टोपी माकडंच वापरली गेली.

एक तफावत मला रोज छळते. क्यासनूरच्या माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये पुण्याच्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधला. शिमोग्याच्या जंगलात माकडं मरून पडत होती, त्यावरून माग लागला. आता तो ताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला आहे. तिथे जंगलात माकड मेलेलं दिसलं की आरोग्यखातं धावतं, नमुने घेतं, गावाला सावध करतं. जंगलात मेलेल्या माकडाची खबर सरकारला हवी असते. सरकारी पिंजऱ्यात मेलेल्या माकडाची खबर मात्र जनतेला मिळत नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाच्या गावात ग्रामपंचायतीच्या दप्तरी ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर लागलेली आहे. एका खेड्याच्या दप्तरात माकडाला जागा आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या विज्ञानाला आपल्या ताब्यातल्या माकडांची जाहीर नोंदवही ठेवणं जड जातं.

मला उलट काय विचारलं जाईल ते मला माहीत आहे. माणसं मरत असताना माकडांचं काय घेऊन बसलात? या प्रश्नाला मी बगल देणार नाही. माकडांवरच्या प्रयोगांनी माणसं वाचली आहेत. पोलिओच्या लशीत त्यांचा वाटा आहे. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत तार बसवून हाताचा थरकाप थांबवण्याच्या उपचारामागे माकडांवरचं संशोधन आहे. पण याच वाटेवर फसवणूकही झाली आहे. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ हे औषध सहा निरोगी तरुणांना दिलं. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले, एकापाठोपाठ एक अवयव ढासळले. माकडांना त्याच औषधाचा पाचशेपट डोस दिला होता आणि ती ठणठणीत राहिली होती. माकडांत आशा दाखवलेली एचआयव्हीची लस माणसांवरच्या मोठ्या चाचणीत २००७ मध्ये फसली आणि चाचणी थांबवावी लागली. म्हणजे माकड कधी खरं सांगतं, कधी चकवतं. कधी काय होतं हे ओळखायचं तर यशाबरोबर अपयशही छापलं पाहिजे, आणि प्राणी कोणत्या अवस्थेत होता तेही छापलं पाहिजे. ते न छापता ‘माणसं मरत होती’ एवढंच सांगणारा माणूस विज्ञानाची बाजू घेत नाही; तो विज्ञानाला प्रश्नांपासून लपवतो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या नावाने येतो. माकडं पिकं खातात, कोकणातला बागायतदार रडकुंडीला आला आहे, मग नेऊ द्या की प्रयोगशाळेत. मी ज्वारीच्या गावचा आहे. पिकावर तुटून पडणारी टोळी काय असते ते मला शिकवू नका. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे आणि त्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, माकडांच्या संख्येचा बंदोबस्त शास्त्रीय पद्धतीने झाला पाहिजे. पण प्रयोगासाठी वीस-तीस माकडं उचलल्याने कोकणातली एक बागही वाचत नाही. शेतकऱ्याचं दुःख पुढे करून प्रयोगशाळेचा पुरवठा सोपा करून घेणं हा शेतकऱ्याचाच अपमान आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच गावात ऐकला, म्हणून त्याचं उत्तर गावच्याच भाषेत देतो. आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं उघडून लोक जगवले. नियम पाळत बसले असते तर माणसं मेली असती. संकटात असंच करावं लागतं, असं मला सांगितलं गेलं. दामाजींचं नाव घेणाऱ्यांनी ती कथा पुरती आठवावी. दामाजींनी धोक्यात घातली ती स्वतःची मान. बादशहाचा कोप आपल्यावर येणार हे जाणून त्यांनी कोठार उघडलं, आणि जे केलं ते उघडपणे केलं. दुसऱ्याचा जीव पणाला लावून, दार बंद करून केलेल्या कामाला दामाजींचा दाखला मंगळवेढ्यात तरी देऊ नका.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रयोगासाठी जंगलातून एकही माकड पकडायचं नाही, आणि महासाथीचं कारण त्याला अपवाद ठरणार नाही. महासाथ पुन्हा येणार हे ज्यांना पगार घेऊन माहीत असायला हवं, त्यांनी आधी तयारी करावी. उपचारापुरती सक्तीची वेळ सोडली तर माकड एकटं ठेवायचं नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी मराठीत आणि इंग्रजीत जाहीर करावं की तिच्याकडे किती माकडं आहेत, कुठून आली, किती एकेकटी आहेत, किती आजारी पडली, कशाने मेली आणि किती प्रयोगानंतर जिवंत ठेवून पुनर्वसनाला दिली. २०० रुपयांचा दंड काढून संस्थेचा परवाना रद्द होईल आणि जबाबदार अधिकाऱ्यावर वैयक्तिक कारवाई होईल अशी तरतूद करावी. फसलेले प्रयोगही छापणं सक्तीचं करावं, म्हणजे तोच छळ पुन्हा होणार नाही.

आणि जिथे माकडाशिवाय भागतं तिथे भागवावं. अमेरिकेच्या संसदेने २०२२ च्या शेवटी कायदा बदलून औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत मानवी पेशींच्या आणि इतर प्राणिविरहित पद्धतींना मान्यता दिली. मान्यता दिली म्हणून पद्धती आपोआप उभ्या राहत नाहीत. त्यांना प्रयोगशाळा, माणसं आणि पैसा लागतो. पुण्या-मुंबईत तो पैसा दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत ‘माकडाला पर्याय नाही’ हे वाक्य कुठल्याही संचालकाने माझ्यासमोर उच्चारू नये, कारण पर्याय शोधायचा खर्च ज्याने केला नाही त्याला पर्याय नसल्याचा दावा करता येत नाही.

पुढच्या साथीत वनखात्याकडे पुन्हा माकडांची मागणी येईल. त्या दिवशी महाराष्ट्राच्या वनमंत्र्यांनी सहीसाठी पेन उचलण्याआधी आधीच्या वीस माकडांची नोंदवही मागावी. ती मिळाली नाही, तर सही करू नये.